फुगलेली बॅटरी टोचण्याचा सल्ला आणि नोट ७ ची खरी हकिकत

उन्हाळा लागला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. यंदा तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो खरा मानून स्वतःच्या फोनवर प्रयोग करण्याची तयारी केली, म्हणून हे उत्तर लिहावे लागत आहे. संदेशाचा आशय असा: २०१६ साली सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ परत मागवावा लागला, कारण लोक तो रात्रभर आणि नकली चार्जरने चार्ज करत होते, नागपूरच्या उन्हातही तेव्हा असे अनेक फोन फुटले, फोन तापल्यास दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावा, आणि बॅटरी फुगल्यास टाचणीने टोचून वायू काढून टाकावा व वर चिकटपट्टी लावावी, म्हणजे ती पूर्ववत चालते.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण त्यात हात भाजण्याची आणि घर पेटण्याची सोय आहे. बॅटरीच्या आत धन आणि ऋण असे दोन पातळ थर एकमेकांवर गुंडाळलेले असतात आणि त्यांना वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पडदा केसाहूनही पातळ असतो. भोवती ज्वलनशील द्रावण असते. धातूची टाचणी आत शिरली की पडदा फाटतो, दोन्ही थर तिच्यामार्फत जोडले जातात, तिथे शॉर्ट सर्किट होते आणि त्या उष्णतेने पुढच्या रासायनिक क्रिया इतक्या वेगाने सुरू होतात की त्या थांबवणे माणसाच्या हातात राहत नाही. बॅटरी फुगवणारा वायू म्हणजे साधी हवा नव्हे. द्रावणाचे विघटन होऊन तो तयार झालेला असतो आणि पेट घेऊ शकतो. द्रावणातल्या क्षाराचा हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाल्यास हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायूही निर्माण होतो. यावर चिकटपट्टी लावायला सांगणाऱ्या महाभागाने स्वतः हा उद्योग कधी केला नसावा. फुगलेला फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये, दाबू नये, गादी-पडद्यांपासून दूर फरशीवर ठेवावा आणि सेवा केंद्रात न्यावा. सीताबर्डीतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला तरी तिथे ती बॅटरी काढून नवीच बसवावी लागेल. कचरागाडीत तर ती मुळीच टाकू नये.

आता परत मागवण्याचे कारण. २३ जानेवारी २०१७ रोजी सॅमसंगने सेऊलमध्ये चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले. सुमारे ७०० संशोधकांनी २ लाखांहून अधिक फोन आणि ३० हजारांहून अधिक बॅटऱ्या तपासल्या होत्या, आणि यूएल, एक्स्पोनंट व टीयूव्ही राइनलँड या बाहेरच्या संस्थांनीही पडताळणी केली होती. दोष बॅटऱ्यांतच निघाला. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात आवरण अपुरे पडल्याने ऋण थर वाकत होता. दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे अणकुचीदार कंगोरे पडदा भेदून जात होते. कारखान्यातल्या ज्या चुकीने फोन पेटले, तेच काम हा संदेश आपल्याला घरबसल्या टाचणीने करायला सांगतो!

ग्राहकांवर खापर फोडणाऱ्यांनी ५ ऑक्टोबर २०१६ ची घटनाही पाहावी. अमेरिकेत लुईव्हिल येथे साउथवेस्टच्या विमानात, उड्डाणापूर्वीच, बदलून दिलेल्या नोट ७ मधून धूर निघाला आणि प्रवाशांना उतरवावे लागले. मालकाच्या सांगण्यानुसार फोन त्या वेळी बंद होता, म्हणजे तिथे ना चार्जर होता ना रात्र. त्यानंतर आठवडाभरातच कंपनीने या फोनचे उत्पादन कायमचे थांबवले.

नागपुरात फुटलेल्या फोनांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भारतात नोट ७ ची घोषणा झाली, पण विक्री सुरू होण्याआधीच ती थांबवण्यात आली आणि पुढे कधी झालीच नाही. नागपूरच्या उन्हाचे नाव घेतले की काहीही खपते. ३० मे २०२४ रोजी इथे ५६ अंश तापमान नोंदले गेल्याची बातमीही अशीच देशभर गेली होती आणि नंतर हवामान खात्याने तो संवेदकाचा बिघाड असल्याचे सांगितले.

उष्णता बॅटरीला मानवत नाही, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंशांत वापरावेत आणि ४५ अंशांहून अधिक तापमानात ठेवू नयेत असे सांगते, आणि आपला मे महिना या दोन्ही मर्यादा ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत फोन ठेवणे म्हणूनच चूक आहे. नकली चार्जरही टाळलेलाच बरा. परंतु चांगल्या फोनचे सर्किट बॅटरी भरल्यावर प्रवाह आपोआप थांबवते, त्यामुळे रात्रभर चार्जिंग केल्याने फोन फुटतो हे खरे नाही. राहिला फ्रीजर: त्यातून बाहेर काढलेल्या थंड फोनवर आणि आतही दमट हवेचे पाणी साचते व नवाच बिघाड उद्भवतो. तापलेला फोन चार्जरपासून काढून, कव्हर उतरवून सावलीत पंख्याखाली ठेवला तरी पुरते.