मेलेल्या कंपनीचा कंडेन्सर

आज 47वा दिवस. माझी मोटरसायकल सर्व्हिस सेंटरच्या कोपऱ्यात धूळ खात उभी आहे आणि तिच्या सीटवर कुणीतरी चहाचा कागदी कप ठेवून गेलं होतं. तो उचलून कचऱ्यात टाकतानाच माझं डोकं फिरलं. मग तो टॅबवाला मुलगा आला. "मॅम, पार्ट बॅक ऑर्डरला आहे." म्हणजे मागवलाय, आलेला नाही. कधी येणार? "सिस्टीम डेट दाखवत नाहीये." आणि हे सगळं तो माझ्या नवऱ्याकडे बघून सांगतोय! त्या बिचाऱ्याला गिअरची गाडी येत नाही. मला सोडायला स्कूटर घेऊन आला होता तो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की खाली लगेच 'डिअर कस्टमर, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' सुरू होतं. दिलगिरी नको, पार्ट द्या.

गेलंय काय, तर एक सेन्सर. बोटाच्या पेराएवढा. पण तो सुटा मिळत नाही म्हणे, अख्खी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, बदलायची. आणि अख्खी थ्रॉटल बॉडी त्यांच्या कुठल्याच गोदामात नाही. गाडी चार वर्षांची आहे. हप्ते संपून वर्षही झालेलं नाही.

आता हे ऐका. मागच्या महिन्यात मी पुण्यात नाना पेठेत जाऊन बाबांच्या जुन्या येझदी मोटरसायकलचा कंडेन्सर, म्हणजे ठिणगीच्या सर्किटमधला छोटा पार्ट, आणला. दोनशेच्या आत. दुकानदाराने मान वर न करता मॉडेल विचारलं, "रोडकिंग का क्लासिक?" आणि मागच्या खणातून काढून काउंटरवर ठेवला. येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा 1996 मध्ये बंद पडली. म्हणजे मेलेल्या कंपनीचा पार्ट पाच मिनिटांत हातात, आणि जिवंत कंपनीचा 47 दिवस झाले तरी पत्ता नाही. याच्यावर कोणी मला काही समजावून सांगू नका. आज ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीये मी.

ती येझदी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिची किक हाच तिचा गिअर. किक मारायची, मग तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा, की झाला गिअर. दोन सायलेन्सर, आणि टू-स्ट्रोक इंजिन, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं. बाबा भोरला झेडपीच्या शाळेत शिक्षक होते. 1991 च्या जुलैत आम्ही महाडला मामाकडे निघालो आणि वरंध घाटात, धो धो पावसात, गाडी बंद. मी नऊ वर्षांची. बाबांनी माझ्या हातात छत्री दिली आणि म्हणाले, "इंजिनवर धर. तू भिजलीस तरी चालेल." उजव्या बाजूचं कव्हर काढलं, डिकीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी काढली. बाबांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही. काडेपेटी असायची ती तिच्या कडेच्या खरखरीत पट्टीसाठी. तिने पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या सर्किटचे संपर्कबिंदू, घासले, पोस्टकार्ड दुमडून त्यांच्यातला गॅप लावला, तिसऱ्या किकला गाडी सुरू. मामाच्या घरी मला ताप भरला, तो भाग वेगळा.

मान्य, येझदी धूर ओकायची. ॲव्हरेज विचारू नका. आणि ब्रेक म्हणजे देवाचं नाव.

म्हणूनच 1985 मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली आणि 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' म्हणत तिने टू-स्ट्रोकवाल्यांचा बाजार उठवला. बाबांच्या शाळेतले सगळे मास्तर हळूहळू तिच्यावर गेले, हेडमास्तरांसकट. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या कंपनीने गिऱ्हाईकाचा खिसा ओळखला होता. 1994 ची स्प्लेंडर घ्या. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही फाट्यावर तिची क्लच केबल मिळते, आणि ती बसवणारा पोरगाही. रायडरशी बांधिलकी म्हणतात ती हीच. तुमच्या त्या 'कम्युनिटी राइड' आणि फुकटच्या टी-शर्टात ती नसते.

आणि आमचे आकुर्डीवाले बजाज! 2001 मध्ये पल्सर आली तेव्हा मी कॉलेजात होते. फर्ग्युसन रोडवर एक पल्सर गेली की अख्खा कट्टा वळून बघायचा. शंभर सीसीच्या पुढचं काहीतरी आपल्याला परवडू शकतं, हे त्या गाडीने दाखवलं. मग डिस्कव्हर काढली, आणि तिच्या 100, 125, 135, 150 अशा इतक्या आवृत्त्या काढल्या की कुठली घ्यावी हे गिऱ्हाईकाला कळेना आणि ते नावच विरून गेलं. 2009 मध्ये स्कूटर बंद करून टाकल्या, आता आम्ही मोटरसायकलवाले म्हणे. आणि 2020 मध्ये चेतक परत, बॅटरीवर. नाव तेच. कारण त्या नावाला आपल्या आठवणी चिकटल्या होत्या. आठवणी आपल्या, ट्रेडमार्क त्यांचा. येझदीचंही तेच झालं, 2022 मध्ये नवी आली. दिसायला देखणी आहे. बाबांनी शोरूममध्ये जाऊन पाहिली, वाकून विचारलं, "किक कुठंय?"

किक! त्याबद्दल तर बोलूच नका. चार पैशांचं पोलाद वाचवायला काढून टाकली का? बॅटरी उतरली की दीडशे किलोचं धूड ढकलत बसा.

अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनवाल्यांनी 2009 मध्ये भारतात वाजतगाजत येतो म्हणून सांगितलं आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये चालले म्हणून सांगितलं. पुढे हिरोने त्यांच्या सर्व्हिसची आणि पार्टची जबाबदारी उचलली म्हणून निभावलं. पण ज्याने घर गहाण ठेवल्यासारखे पैसे मोजले होते त्याला ती बातमी वाचून काय वाटलं असेल? 47 दिवसांत मला तो माणूस रोज आठवतोय.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, ताई, जुनं ते सोनं म्हणू नका. नाही म्हणत. जुनी बुलेट कुठे उभी होती ते जमिनीवरच्या ऑइलच्या डागावरून कळायचं. गिअर उजवीकडून डावीकडे आणला, कास्ट आयर्नचं इंजिन बंद केलं, तेव्हा बुलेटवाले सुतक पाळत होते, आणि त्या बदलांनीच रॉयल एनफिल्ड कंपनी तगली. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्याने नवले पुलाच्या उतारावर मला एकदा ट्रकखाली जाण्यापासून वाचवलंय. पण सक्ती सरकारने केली हो. कंपनीला स्वतःहून सुचलं असतं तर सक्ती कशाला लागली असती?

हे टाइप करेपर्यंत त्यांचा मेसेज आला. 'आजच्या भेटीचा अनुभव कसा वाटला? पाच तारे द्या.' भेटीचा अनुभव! मी काय लेणी बघायला गेले होते?

त्या टॅबवाल्या मुलाला मात्र मी रागाने कमी तारे दिले नाहीत. निघताना तो हळूच म्हणाला होता, "मॅम, एक तारा दिलात तर माझा इन्सेंटिव्ह कापतात." लातूरचा आहे, आयटीआय झालेला. इंजिन उघडायला शिकला आणि हातात टॅब दिला त्याच्या. त्याला विचारलं, हा सेन्सर तुला सुटा काढता येईल का? म्हणाला, "येईल ना. पण अलाउड नाहीये." त्याचा चेहरा बघून माझा अर्धा राग तिथेच गेला. उरलेला अर्धा या पोस्टमध्ये आहे.

बाबांना फोनवर सांगितलं सगळं. 78 वर्षांचे आहेत, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पॉइंट घासून बघितलास का?" हो म्हटलं, बाबा, बघितला.

तर उद्यापासून मी ऑफिसला येझदीवर जाणार आहे. कंडेन्सर नवा आहे, काडेपेटी डिकीत आहे. सोसायटीच्या ग्रुपवर धुराबद्दल कोणी लिहू नये, आधीच सांगून ठेवते. आणि बी विंगच्या काकांनी तर अजिबातच नाही, तुमची डिझेलची जीप मी रोज सकाळी सात वाजता ऐकते.