निष्कलंक हौशी धावपटू कसे व्हावे

राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये हौशी धावपटू म्हणून नाव कमवायचे आपण मनावर घेतलेच असेल, तर पाय कमावण्याआधी आईवडिलांची निवड चोख करावी. लंडनमध्ये १८६६ साली स्थापन झालेल्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने, पैशांसाठी कधीही न धावलेला आणि व्यायाम शिकवून कधीही पोट न भरलेला तोच हौशी, असे ठरवले. आणि एवढ्याने भागेना म्हणून सुरुवातीच्या वर्षांतच यंत्रकामगार, कारागीर व मजूर यांना नेमके नाव घेऊन वगळले. सुताराने धावून एक पेनीही मिळवलेली नसली तरी रंधा मारून त्याचे दंड भरलेले असतात, आणि अशा माणसापुढे केंब्रिजच्या विद्यार्थ्याला उभे करणे हा उघड अन्याय होय. स्पर्धेची तारीखही सोयीची असे. पहिले अजिंक्यपद सामने मार्चच्या गारठ्यात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या नौकाशर्यतीला लागून भरवले गेले. त्या दिवसांत विद्यापीठाचे खेळाडू अनायासे लंडनमध्ये असत.

आपला जन्म चुकीच्या घरी झाला असल्यास १८८० पर्यंत धीर धरावा. त्या वर्षी २४ एप्रिलला ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि मजुराचे कलम गळाले. यापुढे गवंड्यानेही खुशाल धावावे. मात्र दिवसाची मजुरी बुडवून, स्वतःच्या पैशाने रेल्वेचे तिकीट काढून आणि केवळ खेळाच्या प्रेमाखातर.

जिंकल्यावर रोख रकमेकडे ढुंकूनही पाहू नये. त्याऐवजी चषक, घड्याळ किंवा प्रवासी शृंगारपेटी विनम्रपणे स्वीकारावी. तीच पेटी सोमवारी सावकाराच्या दुकानात ठेवून रोकड आणणाऱ्यांचा त्या काळी तोटा नव्हता. पण शनिवारच्या समारंभात शील अभंग राहते, आणि जगाला दिसतो तो शनिवारच. सवलतीच्या शर्यतींत, जिथे दुबळ्या धावपटूला काही यार्ड पुढून सोडतात, तिथे सुरुवातीला दोनचारदा मन लावून हरावे. सवलत ठरवणाऱ्याला आपली दया आली, आठदहा यार्डांची भर पडली आणि बुकींकडे आपल्या विजयावर लावलेल्या पैजेला मिळणारा भाव वाढला, की एके दिवशी अचानक सूर गवसू द्यावा. पोशाखात मात्र तडजोड नको: खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेले असावे, असा नियमच होता.

आदर्श म्हणून क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्याकडे पाहावे. १८६६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध नाबाद २२४ धावा काढल्यावर, सामना चालू असतानाच, कर्णधाराने त्यांना क्रिस्टल पॅलेसला ४४० यार्डांच्या अडथळ्यांच्या शर्यतीसाठी जाऊ दिले आणि ते ती जिंकूनही आले. पुढे १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी या हौशी गृहस्थांनी १५०० पौंड घेतले, आणि तरीही ते अखेरपर्यंत हौशीच राहिले. रक्कम पुरेशी मोठी असली आणि घेणारा पुरेसा प्रतिष्ठित असला, की तिला मोबदला म्हणण्याचे धार्ष्ट्य कोणी करीत नाही.

हे शास्त्र न समजलेला माणूस म्हणजे वॉल्टर जॉर्ज. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केलेल्या या धावपटूने १८८४ मध्ये मैलाचा हौशी विक्रम चार मिनिटे १८.४ सेकंदांवर आणला, आणि मग त्याला व्यावसायिक विजेता विल्यम कमिंग्ज याच्याशी पळून पाहण्याची दुर्बुद्धी सुचली. आपल्या वाट्याचे पैसे रुग्णालयाला देतो, असेही तो म्हणाला. असोसिएशनने नकार दिला, कारण धर्मादाय झाला तरी तो पैसाच. अखेर जॉर्ज व्यावसायिक झाला आणि २३ ऑगस्ट १८८६ रोजी लंडनच्या लिली ब्रिजवर कमिंग्जला हरवताना त्याने मैल चार मिनिटे १२ ¾ सेकंदांत संपवला. जवळजवळ तीस वर्षे कोणी त्याहून वेगाने मैल धावले नाही. हौशी मंडळींनी त्या वेळेकडे नैतिक उंचीवरून पाहत राहणेच पसंत केले.

मैदानाच्या फाटकावर प्रेक्षकांकडून जमा होणाऱ्या पैशांची काळजी आपण करू नये. ते आयोजकांनी घेतल्यास खेळाचा विकास होतो. धावणाऱ्याने घेतल्यास खेळ नासतो. नाव मोठे होऊ लागले, की काही आयोजक हजेरीबद्दल हातात काही ठेवू पाहतील, आणि इथे फार सावध राहावे. १८९६ मध्ये स्कॉटिश वेगवान धावपटू अल्फ्रेड डाउनर आणि मैलाचा विक्रमवीर फ्रेड बेकन यांच्यासह काही नामांकितांना असोसिएशनने याच कारणासाठी बाहेर काढले. त्यांच्यामुळे ज्यांची तिकिटे खपली, त्या आयोजकांनी पुढच्या हंगामासाठी नवी नावे शोधायला घ्यावीत, हे ओघानेच आले. तेव्हा आपला अर्ज वेळेवर पाठवावा आणि त्यावर वडिलांचा व्यवसाय ठळक अक्षरांत लिहावा.