गळका व्हॉल्व्ह आणि ‘दहा मिनिटांचा’ उपाय

भाचा जहाजावर ज्युनिअर इंजिनीअर आहे. काल त्याने एक फॉरवर्ड पाठवला: ‘गळका ग्लोब व्हॉल्व्ह दहा मिनिटांत दुरुस्त, लाईन बंद न करता!’ खाली प्रश्न, ‘मामा, हे चालतं का?’ अरे, चालत असतं तर परमिट, टॅग, ड्रेन हे सगळं आम्ही काय हौसेने करत होतो?

म्हणे, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, बॅकसीट होईल (म्हणजे स्पिंडलचा, मधल्या दांड्याचा, खांदा आतून वर टेकून वाफ अडवेल), मग ग्लँड, म्हणजे स्पिंडलभोवतीचं पॅकिंग दाबणारा भाग, काढून नवं पॅकिंग भरा. बॅकसीट असते, हे खरं. पण ती धरते की नाही हे ग्लँड सुटल्यावरच कळतं, आणि तेव्हा 7 बारची, 170 अंशांची वाफ तुमच्या तोंडावर असते. थेंब थेंब गळत असेल आणि स्टड गंजलेले नसतील, तर ग्लँडचे दोन्ही नट आलटूनपालटून जरा जरा आवळा. चालू लाईनवर एवढंच मला मान्य. पॅकिंग बदलायचं तर दोन्हीकडून आयसोलेट करा, ड्रेन उघडा, प्रेशर शून्यावर आणा.

सीट पास होत असेल, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करूनही आतून वाफ निसटत असेल, तर हँडव्हीलला पाईप घालून आवळायचं म्हणे. स्पिंडल वाकेल, सीटवरचा कचरा आणखी रुतेल. डिस्क (सीटवर बसणारी चकती) काढून ग्राइंडिंग पेस्टने घासा, प्रुशियन ब्लू हा निळा रंग लावून सबंध कडं उमटतं का बघा. स्पिंडलला टेफ्लॉन टेप गुंडाळायच्या सल्ल्यावर मी बोलतच नाही.

डोकं फिरलं ते बॉनेटबद्दलच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाबद्दलच्या, या ओळीने: ‘बॉनेटचे नट खराब असतील तर त्याच आट्यांचे कुठलेही बसवा.’

30 ऑक्टोबर 1990. अमेरिकी नौदलाचं जहाज ‘इवो जिमा’ बहारीनमध्ये. वाफेचा एक गळका व्हॉल्व्ह नुकताच दुरुस्त झाला होता. बॉनेटला बसवलेल्या नटांचे आटे बरोबर जुळले होते. पण नट होते पितळी, वर काळा थर, दिसायला थेट पोलादी. गरम झालं की पितळाची ताकद जाते. वाफ चढली आणि बॉनेट सुटलं. बॉयलर रूममध्ये 11 जण होते, त्यातले 10 गेले.

त्या नटांना साधं चुंबक लावून पाहिलं असतं तरी पितळ उघडं पडलं असतं. भाच्याला लिहिलं: स्टोअरमधला नटांचा डबा उपडा कर, चुंबक फिरव, नटावरचा ग्रेडचा शिक्का ड्रॉइंगशी ताडून बघ. शिक्का नसेल तो नट वाफेच्या लाईनवर नको, मग सेकंड इंजिनीअर कितीही घाई करो.