‘चिन्यांनीच नाकारलेला सिनेमा’? एका फॉरवर्डला उत्तर

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या छोट्या चित्रपट गटाने पुढच्या शनिवारी ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ दाखवायचं ठरवलं आणि तसा निरोप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली एक लांबलचक फॉरवर्ड येऊन पडला. मग तोच घंटाळीतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर दिसला, वसंत विहारातल्या मावशींकडून आला, घोडबंदर रोडला राहणाऱ्या मित्राकडूनही आला. लिहिणारा कोण, ते कोणालाच माहीत नाही. फॉरवर्डला आई-बाप नसतातच.

मजकुराचं सार असं. हा सिनेमा चिनी लोकांनी स्वतःच नाकारला, गोऱ्यांनी मात्र डोक्यावर घेतला, कारण तो गोऱ्यांसाठीच बनवला होता. त्यातलं उडणं म्हणजे हॉलिवूडच्या ‘मॅट्रिक्स’ची नक्कल. सगळं तारांवर लटकून केलेलं, नटांनी घाम असा गाळलाच नाही. गोष्ट नावाला. आणि शेवटी आपली ठरलेली खंत: आपला हिरो उडाला तर जग हसतं, चिन्याचा उडाला तर ती कला!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. तैवानमध्ये वाढलेल्या अँग ली या दिग्दर्शकाचा हा २००० सालचा मंदारिन, म्हणजे चीनच्या प्रमुख भाषेतला चित्रपट. ली मू बाई हा नावाजलेला योद्धा तलवार खाली ठेवायचं ठरवतो आणि ती शू लिएन या योद्धा मैत्रिणीच्या हाती बीजिंगला एका स्नेह्याकडे पाठवतो. तिथे ती चोरीला जाते. चोर निघते एका बड्या अधिकाऱ्याची मुलगी, जेन, जिचं लग्न तोंडावर आलंय. बीजिंगच्या छपरांपासून वाळवंटापर्यंत पुढचा सगळा पाठलाग या तलवारीचा आणि या मुलीचा.

नकलेचा आरोप आधी निकाली काढू, कारण त्याला वेळ लागत नाही. ‘मॅट्रिक्स’ १९९९ चा, हा २००० चा, म्हणजे नक्कल, असा हिशेब दिसतो. पण ‘मॅट्रिक्स’मधल्या मारामाऱ्या बसवल्या कोणी? युएन वू-पिंग यांनी. आणि या चित्रपटातल्या? त्यांनीच. हा माणूस १९७८ पासून हाँगकाँगमध्ये चित्रपट दिग्दर्शित करत होता आणि हॉलिवूडने त्याला तिथून मुद्दाम बोलावून नेलं. उधार कोणी कोणाकडून घेतलं, ते यावरून ठरवा. त्याच्याही मागे जायचं तर दिग्दर्शक किंग हू यांच्या १९७१ च्या ‘अ टच ऑफ झेन’मध्ये बांबूच्या रानातली लढाई आहे, आणि त्या चित्रपटाला १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं होतं. अँग लींचं बांबूचं रान हे त्या पूर्वसुरीला केलेलं उघड वंदन आहे. किंग हूंच्याच १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’ची तलवारबाज नायिका होती चेंग पेई-पेई. अँग लींनी तिलाच इथे जेड फॉक्स ही खलनायिका दिली. घराण्याचा वारसा इतका ठळकपणे सांगणाऱ्याला नकलाकार म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

आता तारा. होय, तारा आहेत. कोणी लपवलेलं नाही. नंतर संगणकावर त्या चित्रातून पुसल्या गेल्या, हेही जगजाहीर आहे. प्रश्न एवढाच की तार बांधली म्हणजे नटाचं काम संपलं का. टेंभी नाक्याची दहीहंडी पाहिलेल्या ठाणेकराला हे खरं तर समजवावं लागू नये. वरच्या थरावरच्या गोविंदाच्या कमरेला हल्ली दोर असतो, म्हणून तो चढलाच नाही असं खाली उभा असलेला कोणी म्हणत नाही.

तारेवर लटकलेल्या माणसाची पंचाईत अशी की पायाखाली रेटा द्यायला काही नसतं. पट्टा कपड्यांच्या आत, ओढ कमरेवर. पोट आणि पाठ आवळून अंग ताठ धरलं नाही तर माणूस गरगर फिरतो किंवा डोक्यावर येतो. त्यात हातातली तलवार नेमक्या ठोक्याला नेमक्या जागी पोचायची, आणि चेहऱ्यावर यातलं काही दिसता कामा नये. दोर खेचणाऱ्यांचा आणि नटाचा ताल क्षणभर चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बांबूवरच्या लढाईत चाऊ युन-फॅट (ली मू बाई) आणि झांग झियी (जेन) यांचे चेहरे कॅमेऱ्याच्या अगदी जवळ दिसतात, वाऱ्याने वाकणाऱ्या शेंड्यांवर वर-खाली होताना. तिथे बदली माणूस उभा करून भागलं नसतं. झांग झियी लहानपणापासून बीजिंगमध्ये नृत्य शिकलेली, शू लिएन झालेली मिशेल यो बॅलेचं शिक्षण घेतलेली. तोल सांभाळणाऱ्या माणसांची निवड उगाच झालेली नव्हती. यो यांच्या गुडघ्याचा स्नायुबंध शूटिंग सुरू झाल्यावर लवकरच तुटला. शस्त्रक्रिया करून त्या परत आल्या आणि उरलेलं काम केलं. ‘घाम गाळला नाही’ म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावं.

शिवाय चित्रपटातली सगळ्यात चांगली लढाई तारांची नाहीच मुळी. शू लिएन आणि जेन शस्त्रांनी भरलेल्या दालनात समोरासमोर येतात तो प्रसंग आठवा. जेनच्या हातात ती चोरलेली तलवार, जी समोरचं कुठलंही पातं कापते. शू लिएन भिंतीवरून एकेक हत्यार उतरवते, भाला घेते, आकडीच्या जोडतलवारी घेते, आणि एकेक तुटत जातं. मध्येच एक अवजड दांडा उचलायला जाते तर तो तिलाच खाली ओढतो, आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. शेवटी हातात उरतं ते अर्धवट मोडलेलं पातं, आणि तेच नेमकं जेनच्या गळ्याशी येऊन थांबतं. शू लिएन वार करत नाही. जेन करते, तिच्या दंडावर. कोण अनुभवी, कोण हुशार आणि कोण अजून पोरकट, हे एकाही संवादाशिवाय कळतं. दोघींचे पाय जवळजवळ सगळा वेळ जमिनीवर आहेत.

‘चिन्यांनी नाकारला’ हा मुद्दा मात्र नीट सोडवायला हवा, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि अर्धवट तथ्यच जास्त फिरतं. मुख्य भूमी चीनमध्ये चित्रपटाचं स्वागत बेताचंच झालं. तक्रारी दोन होत्या. एक, वेग: तलवारबाजीच्या चित्रपटांवर पोसलेल्या प्रेक्षकाला पहिल्या लढाईसाठी बराच वेळ थांबावं लागलं. दुसरी, उच्चार. चाऊ युन-फॅट हाँगकाँगचे, मूळ भाषा कँटोनीज. मिशेल यो मलेशियाच्या, त्यांनी मंदारिन संवाद ध्वनीवरून पाठ केले. लो या दरोडेखोराची, जेनच्या प्रियकराची, भूमिका करणारा चँग चेन तैवानचा. झांग झियी तेवढी बीजिंगची. चार प्रमुख पात्रं आणि चार तऱ्हा. मंदारिन ऐकत वाढलेल्या कानाला हे खटकणारच, आणि ती तक्रार मला रास्त वाटते. आपण खालच्या ओळी वाचत पाहतो म्हणून सुटतो, एवढंच. त्यात त्या काळात चीनमध्ये नकली व्हीसीडींचा सुळसुळाट होता (ठाणे स्टेशनबाहेरही काही कमी नव्हता), त्यामुळे तिकीटबारीवरून आवडनिवड मोजायची म्हणजे पंचाईतच.

पण बेताचं स्वागत म्हणजे नाकारणं नव्हे, आणि चिनी भाषिक जग म्हणजे फक्त मुख्य भूमी नव्हे. तैवानमध्ये चित्रपट जोरात चालला. तिथल्या ‘गोल्डन हॉर्स’ पुरस्कारांत २००० साली सर्वोत्कृष्ट चित्रपट हाच. पुढच्या वर्षी हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांतही सर्वोत्कृष्ट चित्रपट हाच, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक अँग ली, आणि सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार चेंग पेई-पेई यांना. चिनी भाषेतल्या चित्रपटांचे हे दोन सगळ्यात मानाचे पुरस्कार. तिथल्या परीक्षकांना गोऱ्यांनी पढवून पाठवलं होतं, असं म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

आणि मुख्य भूमीतल्या निर्मात्यांनी यातून काय धडा घेतला? ‘असले चित्रपट नकोत’ हा नव्हे. झांग यिमोऊंसारख्या बड्या दिग्दर्शकाने २००२ मध्ये ‘हीरो’ केला. तोच प्रकार, झांग झियी तीच, संगीतकार टॅन डन तोच. त्याने चीनमध्ये कमाईचे आधीचे देशी विक्रम मोडले. नाकारलेल्या वाटेवरून कोणी एवढा पैसा घेऊन धावत नाही.

अमेरिकेतल्या यशाचंही जरा सरळ बघू. १० ऑस्कर नामांकनं, त्यांतली ४ पारितोषिकं, आणि तिथल्या तिकीटबारीवर सुमारे १२.८ कोटी डॉलर. तोवर कुठल्याही परभाषिक चित्रपटाने तिथे १० कोटींचा टप्पा गाठला नव्हता. अमेरिकन प्रेक्षक खालच्या ओळी वाचायला कंटाळतो हे तिथले वितरकच सांगत आले आहेत. ज्याला गोऱ्यांना खूश करायचं असेल तो संपूर्ण चित्रपट मंदारिनमध्ये कशाला करेल?

‘गोष्ट नावाला’ यावर फार वाद घालत नाही, कारण मूळ गोष्टच जाडजूड आहे. वांग दुलू यांची ही कादंबरी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला वृत्तपत्रातून क्रमशः आली, पाच कादंबऱ्यांच्या मालिकेतली चौथी. चित्रपटाने तिचा एक तुकडा उचलला. पण तो तुकडा बघा: शू लिएनचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो ली मू बाईचा मानलेला भाऊ, आणि तो मेला. आता या दोघांचं एकमेकांवर प्रेम, पण त्या मेलेल्या माणसाच्या मानापायी दोघंही वर्षानुवर्षं तोंड उघडत नाहीत. यात मराठी प्रेक्षकाला न कळण्यासारखं काय आहे? उलट जेनला वाटतं, शू लिएनसारखं भटकं आयुष्य म्हणजे केवढं स्वातंत्र्य! त्यावर शू लिएन हसत विचारते, दिवसेंदिवस आंघोळ नाही, पिसवांनी भरलेल्या अंथरुणात झोपायचं, हे तुझ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं का? साहसकथेनेच साहसकथेची अशी फिरकी घेतलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

दोष आहेत. जेन आणि लो यांचा वाळवंटातला भूतकाळ लांबतो, तिथे मी दरवेळी घड्याळ बघतो. आणि जेड फॉक्सचं गाऱ्हाणं, की गुरूने शय्येला जवळ केलं पण बाई म्हणून विद्या दिली नाही, चित्रपट दोन वाक्यांत उरकतो. तिथे थांबायला हवं होतं.

राहिली आपली खंत. आपल्या उडणाऱ्या माणसाला जग हसतं हेच मुळात खोटं आहे. फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मधल्या मारुतीच्या उड्डाणाला कोणी हसलं नाही. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला जातात, आणि तो चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसला वाखाणला गेला. हशा येतो तो उडण्याला नियम नसतो तेव्हा, हिरो आहे म्हणून वीस गुंड हवेत अशा वेळी. इथे नियम आहे. ज्याची साधना जितकी, तितका तो हलका. ली मू बाई बांबूच्या शेंड्यावर स्वस्थ उभा राहतो, जेन घसरते. दरोडेखोर लो तर जमिनीवरच लढतो. जेड फॉक्सने विद्येची पोथी चोरली खरी, पण अक्षरओळख नसल्याने तिला फक्त चित्रं कळली. तिच्याच हाताखाली वाढलेल्या जेनने मजकूर वाचला आणि गुपचूप तिच्या पुढे निघून गेली. कोण किती उंच जातं यामागे इतकं काही आहे. आपल्या चित्रपटांनी एवढी मेहनत घेतली तर त्यांनाही कोणी हसणार नाही.

तरीही ‘गोऱ्यांसाठीच केला’ हा हेका सुटत नसेल, तर तसा खराखुरा प्रयोग नंतर होऊनही गेलाय. याच चित्रपटाचा दुसरा भाग २०१६ मध्ये आला. दिग्दर्शक युएन वू-पिंग, मिशेल यो पुन्हा शू लिएन, आणि या वेळी सगळी पात्रं चक्क इंग्रजीत बोलतात. चीनबाहेर तो नेटफ्लिक्सवर लागला, म्हणजे गोऱ्या प्रेक्षकाला घरातून उठायचेही कष्ट नव्हते. त्याचं स्वागत इतकं कोमट झालं की हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तो निघाल्याचंही माहीत नसावं.