ढालीवरचा कावळा

रविवारी रात्री साडेनऊला, मी ताटात आमटी वाढून घेत असताना कन्येने जाहीर केलं, "बाबा, उद्या आपलं कुलचिन्ह न्यायचंय. इतिहासाचा प्रोजेक्ट." तो पंधरा दिवसांपूर्वी दिला होता, हे वेगळं सांगायला नको.

"आपलं देवक आहे की, पंचपल्लव," आई म्हणाली. "काढा पाच पानं आणि झोपा." पण बाईंना विलायती सरदारांचं हवं होतं. मधे ढाल, वर शिरस्त्राण, ढाल धरायला दोन बाजूंना दोन धारक आणि खाली ब्रीदवाक्य.

आमटी गार होत होती आणि मी मोबाइलवर वाचत होतो. लंडनमध्ये याच कामासाठी १४८४पासून एक कचेरी आहे. अर्ज मंजूर झाला आणि फी भरली की आजही रीतसर चिन्ह मिळतं. शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६मध्ये मिळालं, त्यावर भाला. आडनावात 'स्पिअर' आहे ना, म्हणून! आडनावावर अशी चित्रातून कोटी करायची तिकडे जुनीच रीत. हे मी मोठ्याने वाचलं आणि फसलो. आमचं आडनाव कावळे.

"मी सिंह काढणार," कन्या रडवेली झाली. सिंह म्हणजे शौर्य. आमच्या घरात पाल दिसली की सर्वांत आधी पलंगावर मी चढतो. शिवाय सीएसएमटीच्या फाटकावर सिंह इंग्लंडचा म्हणून बसलाय आणि वाघ हिंदुस्थानचा म्हणून. रोज त्यांच्या नजरेखालून लेट मार्क चुकवत पळणाऱ्या माणसाने त्यांच्यातला एक उचलून घरी आणायचा?

कावळा ठरला. मग रंगांचं शास्त्र निघालं. सोनेरी आणि रुपेरी हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा वगैरे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, म्हणजे ढाल लांबून ओळखू येते. काळ्या कावळ्याखाली सोनं हवं, आणि रात्री साडेदहाला लालबागेत सोनेरी कागद कोण देणार? शेवटी भाच्याच्या बारशाचा काजूकतलीचा खोका कापला. आत चिकटलेला वर्ख कन्येने बोटाने पुसून खाल्ला.

एवढं करून कळलं की श्रॉपशायरच्या कॉर्बेट घराण्याने ही ढाल कधीच बळकावली आहे. सोन्यावर काळा डोमकावळा! ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये, अर्थ असा की देव कावळ्यांना पोसतो.

"देव कुठला?" आई म्हणाली. "पितृपक्षात आपणच घालतो की!"

शिरस्त्राणासाठी माझं स्कूटरचं हेल्मेट समोर ठेवलं. नियम असा की साध्या गृहस्थाच्या शिरस्त्राणाची झडप बंद, सरदाराची उघडी. माझ्या हेल्मेटची काच दोन वर्षांपासून वरच अडकलेली आहे, त्यामुळे मी परस्पर सरदार झालो. बायकोने त्यावर काही म्हटलं नाही, नुसता फेविकॉल पुढे सरकवला. धारक म्हणून कन्येने एका बाजूला आजी काढली, दुसऱ्या बाजूला आई. दोघी ढाल आपापल्याकडे ओढताहेत असंच वाटत होतं, पण मी कशाला बोलतोय?

साडेअकराला आईने पेन्सिल मागितली. ढालीच्या कोपऱ्यात तिने धोटा काढला, माझ्या आजोबांच्या गिरणीतला. दोन्ही टोकांना निमुळता, मधे कांडीची खाच, एकदाही खोडरबर न वापरता. १९८२च्या संपात आजोबा घरी बसले ते बसलेच. "कावळ्यापेक्षा हा बरा आलाय," कन्या म्हणाली. कावळा मी काढला होता.

वर्गात सत्तावीस सिंह निघाले, सहा वाघ, एक घोडा. आम्हाला दहापैकी सहा. शेरा : 'चित्र पालकांनी काढलेले दिसते. कबुतर छान.'

पुढे सर्वपित्रीला आईने गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. खीर, वडे, सगळं. बारा वाजले, एक वाजला. पलीकडच्या गच्चीवर कावळ्यांची सभा भरली होती, पण आमच्याकडे कोणी फिरकेना. पोटात माझ्याही कावळे ओरडत होते. दीडला आई म्हणाली, "जा, कपाटावरची ती ढाल घेऊन ये."

"अगं, तो पुठ्ठ्याचा आहे!"

"मग? भटजींना दर्भाचा चालतो ना!"

मी जिना उतरायला लागलो.