उलट भाषांतर जुळलं म्हणून प्रश्नावली चिनी होत नाही

आरोग्य-संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक सोपी कृती फिरत असते. इंग्रजी प्रश्नावली चिनीत उतरवा, दुसऱ्या कुणाकडून ती पुन्हा इंग्रजीत आणा, मूळ मजकुराशी ताडून पाहा, क्रोनबाख आल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या वर आला की चिनी भाषकांसाठी प्रश्नावली तयार! यातली प्रत्येक पायरी कामाची आहे, पण शेवटचं ‘तयार’ मान्य करता येत नाही.

आधी उलट भाषांतराबद्दल. वॉलस्टन दांपत्य आणि डेव्हेलिस यांनी १९७८ साली अमेरिकेत एक प्रसिद्ध मोजपट्टी मांडली. तुमचं आरोग्य कोणाच्या हाती आहे असं तुम्हाला वाटतं: स्वतःच्या, नशिबाच्या, की इतर वजनदार माणसांच्या? एकूण १८ विधानं, प्रत्येक गटात सहा. ‘मी आजारी पडण्यात किंवा बरा राहण्यात माझ्या कुटुंबाचा मोठा वाटा आहे’ अशा आशयाचं विधान तिसऱ्या गटात, डॉक्टरांच्या शेजारी बसवलेलं आहे. म्हणजे कुटुंब ही बाहेरची सत्ता. हे वाक्य चिनीत नेऊन परत आणलं तर तंतोतंत जुळेल. पण चीनमध्ये कर्करोगाचं निदान अनेकदा आधी मुलांना सांगितलं जातं आणि म्हाताऱ्या रुग्णाला सांगायचं की नाही ते मुलं ठरवतात. तिथल्या आजीनं ‘सहमत’वर खूण केली, तर तिनं स्वतःचा ताबा सोडला असं मानायचं का? मला नाही वाटत. तिच्या लेखी घर कदाचित ‘इतर’ नसेलच. हे कळायचं तर उत्तर देणाऱ्यांना समोर बसवून ‘हे वाचून तुमच्या मनात काय आलं?’ असं विचारावं लागतं. नेमकी हीच पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते.

नशिबाच्या गटाचंही तसंच. प्रयत्न करावा, पुढचं आकाशावर सोडावं, असं सांगणारी म्हण चिनीत आहे. ती मानणारा माणूस ‘स्वतः’ आणि ‘नशीब’ अशा दोन्ही गटांत ‘सहमत’ म्हणेल. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणणाऱ्या आपल्या माणसाला तरी कुठल्या रकान्यात टाकाल?

आता आल्फा. एका गटातली विधानं एकमेकांसोबत हलतात, एवढंच तो सांगतो. त्याच गोष्टीची चार वेळा पुनरुक्ती केली तरी तो वाढतो. मूळचे तीन गट चिनी उत्तरांतही तसेच उभे राहतात का, हे पाहायला पुष्टीकारक घटक-विश्लेषण हवं, म्हणजे आधी मांडलेले गट उत्तरांशी जुळतात का ते तपासणारी सांख्यिकी पद्धत. आणि चिनी-अमेरिकी सरासऱ्यांची तुलना करायची तर दोन्हीकडे मापन सारखं चालतं, म्हणजे त्याच विधानांनी तीच गोष्ट तशीच मोजली जाते, हेही दाखवावं लागतं.

शिवाय चिनी कुठली? मुख्य भूमीवर आणि सिंगापुरात सरलीकृत लिपी, तैवान-हाँगकाँगमध्ये पारंपरिक. हाँगकाँगच्या वृद्धांना लेखी वाक्य जसंच्या तसं कँटोनीज उच्चारात वाचून दाखवलं तर ते पुस्तकी वाटतं, कारण घरी कुणी तसं बोलत नाही.

‘मग नवीनच प्रश्नावली बनवा’ असं कुणी म्हणेल. गरज नाही, तसं केलं तर जुन्या अभ्यासांशी तुलनाच संपते. फक्त कुटुंबाचं ते विधान चिनी माहितीत भलत्याच गटात गेलं, तर आल्फा वाचवायला ते गुपचूप वगळू नका. ते निष्कर्षांत छापा.