‘एक बेळगावकर’ यांना उत्तर, म्हणजे बावीस सेकंदांचा हिशेब

आमच्या विद्यार्थ्यांच्या अॅनिमेशन फिल्मचं काम कुठवर आलंय, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. बेळगावच्या वडगावातल्या यंत्रमागावरची, तीन मिनिटांची फिल्म. त्याखाली ‘एक बेळगावकर’ यांनी लिहिलंय: ‘अख्खी सेमिस्टर घालवून फक्त बावीस सेकंद? धोटा तर नीट दिसतही नाही. वेळापत्रक नाही, अर्धी मुलं गळाली, कन्नड उपशीर्षकं नाहीत. कौतुक करून पोरांना खड्ड्यात घालू नका.’ (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा.)

टीकेचं मला वावडं नाही. पण ‘खड्ड्यात घालू नका’ ही काय बोलायची रीत झाली ओ? तीही नाव लपवून? ती मुलं हे वाचतात. एकीनं मला रात्री विचारलं, ‘सर, खरंच वाईट झालंय काय?’ याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं.

आता बावीस सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, बावीस सेकंदांना २६४. प्रत्येक चित्र आधी कच्चं, मग क्लीनअप, म्हणजे रेषा साफ करून पुन्हा काढणं, मग रंग. म्हणजे हात आठशेच्या घरात फिरला. शिवाय विणकराचे हात, माग आणि सूत वेगवेगळ्या थरांवर. हे सगळं ‘क्रिता’सारख्या फुकट सॉफ्टवेअरवर, लाईट जाईल तेव्हा हात बांधून बसत. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून चलचित्र केलं, तेव्हाही ‘किती सेकंद झाले’ विचारणारा कुणी भेटला असेलच.

धोटा दिसत नाही म्हणता. चालत्या मागाजवळ उभे राहिलात काय कधी? साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा फेकतो. १२० धरा, म्हणजे एका फेकीला १२ फ्रेम. त्यातही धोटा मधल्या वाटेवर असतो तो निम्म्याहून कमी वेळ. त्याच्या वाट्याला चित्रं येतात दोन, फार तर तीन. मुलांनी आधी तो ठसठशीतच काढला होता, टोकाचं लोखंड, आतली कांडी, सगळं. पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्ची चित्रं ओळीनं चालवून बघितली तर धोटा बेडकासारख्या उड्या मारत होता. मग एकीनं मधलं चित्र ओढून लांबट, धुरकट पट्टा केला. दुसऱ्यानं फणीची, म्हणजे आडवा धागा ठोकून घट्ट बसवणाऱ्या चौकटीची, ठोक थोडी उशिरा आणली, धोटा पलीकडं पोचल्यावर पडेल अशी. त्यानंतर कुठं माग चालायला लागला. तो दिसत नाही हे बरोबरच आहे, साहेब. दिसला असता तर चूक झाली असती.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वडील वडगावात मागावर होते, रात्रपाळी असली की मी तिथंच सुताच्या पोत्यांवर झोपायचो. धागा तुटून माग थांबला की त्या शांततेनं जाग यायची. पुढं सिनेमाचे बॅनर रंगवून पोट भरलं. फ्लेक्स आला तेव्हा ‘हे आता तासाभरात होतंय की’ असं तोंडावर सांगणारेही तुमच्याच सुरात बोलायचे. तेव्हा घाईची किंमत मला शिकवू नका.

कन्नड उपशीर्षकांचं मात्र पटलं. मागावरची कितीतरी माणसं घरी कन्नडच बोलतात, त्यांना फिल्म दाखवायची तर उपशीर्षकं हवीतच. घालू.

वेळापत्रक आणि गळती हे आमचं आम्ही बघू. परीक्षा आल्या की मुलं कमी होतात, यात बातमी ती काय? उरलेली पूर्ण करतील. कधी, ते इथं जाहीर करायला मी काही टेंडर भरलेलं नाही.

यापुढं निनावी प्रतिक्रिया इथं दिसणार नाहीत. तुमची तेवढी ठेवतोय, नाहीतर हे उत्तर कुणाला ते लोकांना कळायचं नाही.